तांब्याचं पातेलं आणि आक्काची शेगडी

काय सांगू तुम्हाला, चूक माझीच होती हे मला कबूल आहे, पण राग अजून गेलेला नाही! चहा घ्या, आणि मधेच हसू नका.

मी पोलादपूरला दहावीला विज्ञान शिकवतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा धडा मला झोपेतून उठवून विचारा. माझी थोरली बहीण, आक्का, वर कुडपणला एकटी राहते. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, चुलीचा धूर एकदम बंद. गॅसला ती घाबरते. झालं! माझ्या भाच्याने ठाण्याहून फर्मान काढलं, रविवारी गाडी घेऊन येतो, आई आता माझ्याकडेच राहील. आक्का रडायलाच लागली. तिची नाचणी, तिची म्हैस, तिचं अंगण सोडून ती बाई सातव्या मजल्यावर काय करणार? मी छातीठोकपणे सांगितलं, कुठे जायचं नाही, मी इंडक्शन शेगडी आणतो.

महाडच्या बाजारातून आणलीसुद्धा. दुकानदार इकबालभाई, बारा वर्षं आखातात काम करून आलेले. ते भांड्यांबद्दल काहीतरी सांगायला लागले, तर मी हातानेच थांबवलं. मला सांगणार? मला?

कुडपणला पोचल्यावर आधी आक्काचा तास घेतला. काचेखाली तारेचं वेटोळं आहे. त्यातल्या विजेची दिशा सारखी बदलते, म्हणून भोवतीचं चुंबकीय क्षेत्रही बदलत राहतं. ते भांड्यात शिरलं की भांड्याच्या बुडातच वीज गरगर फिरते आणि भांडं तापतं. विस्तव नाही, धूर नाही.

"मधी तार नाय, काय नाय, आन् जातं कसं?" आक्काने विचारलं.

"क्षेत्राला तार लागत नाही. मधे हवासुद्धा नसली तरी जातं."

तिने माझ्याकडे असं काही आदराने पाहिलं की मी फुगलो. तिथेच घात झाला.

ती म्हणाली, तवा ठेवते, भाकरी टाकून बघू. मी तिचा लोखंडी तवा बाजूला सारला. अगं, विजेचा उत्तम सुवाहक कोण? तांबं! वीज जितकी सहज वाहील तितकं भांडं जास्त तापेल, साधा हिशोब आहे. माळ्यावरचं तांब्याचं पातेलं काढलं, स्वतः चिंच लावून लख्ख घासलं, पाणी भरून शेगडीवर ठेवलं.

पीं, पीं, पीं. बंद!

पुन्हा लावली, पुन्हा बंद. पाणी बदललं, प्लग बदलला, शेगडीला दोन थापट्या मारल्या. शेवटी आक्काने डोळ्यावर पदर धरला आणि चूल पेटवली. माझं डोकंच फिरलं! शेगडी काखोटीला मारली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घाट उतरून महाड गाठलं.

दुकानात ही गर्दी. मी सगळ्यांसमोर इकबालभाईंना फैलावर घेतलं. खराब माल गळ्यात मारता? ग्राहक मंचात खेचीन. एका बाईच्या डोळ्याचा प्रश्न आहे, तुम्हाला काही वाटतं का? त्या माणसाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, भांडं कोणतं ठेवलं होतं?

"तांब्याचं," मी ताठ मानेने म्हणालो.

त्यांनी माझ्याच शेगडीवर एक लोखंडी तवा ठेवला आणि पाण्याचे चार थेंब शिंपडले. चर्र झालं.

"सर, तांब्यात वीज आरामात फिरते, म्हणून ते तापत नाही. लोखंड तिला अडवतं, म्हणून तापतं. तांबं ठेवलंत तर मशीन आपणहून बंद होतं."

विरोधामुळे उष्णता निर्माण होते! दरवर्षी फळ्यावर कोण लिहितं हे? मीच लिहितो! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"सर, तुम्ही शाळेत शिकवता ना?" इकबालभाईंनी अगदी प्रेमाने विचारलं. "विषय कोणता?"

सगळं दुकान माझ्याकडे बघत होतं.

"भूगोल," मी म्हणालो.

भला माणूस. वर मलाच चहा पाजला, आणि काही अडलं तर ताईंना फोन करू द्या म्हणून खोक्यावर नंबर लिहून दिला.

मी शेगडी परत कुडपणला नेली आणि या वेळी मुकाट आक्काचा लोखंडी तवाच ठेवला. रविवारी भाचा आला. त्याने शेगडीवरच्या गरम भाकऱ्या खाल्ल्या, घरात कुठे धूर आहे का बघितलं आणि म्हणाला, ठीक आहे, आई राहू दे इथेच. आक्काचा चेहरा असा खुलला म्हणून सांगू! आता निदान माझं कौतुक होईल म्हणून मी सावरून बसलो.

"काल त्या महाडच्या भाईंना फोन केलता," आक्का म्हणाली. "लय चांगला मानूस. मला म्हनले, भावावर रागवू नका, भूगोलाच्या मास्तरांना यातलं काय कळनार."

मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आक्का जवळ सरकली आणि काळजीने म्हणाली,

"विज्ञानावरनं तुला कवा काढला रे? मला सांगायचास तरी."