केबल बंद असल्याचा कागद

त्रिनिदादमधल्या आमच्या बॅरकपोर भागात कुणी गेलं, की ते संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर कळतं. इथल्या वाहिनीवर त्या वेळेला मयताच्या बातम्या लागतात. फोटो, नाव, मागे कोण कोण, कुठल्या घरून किती वाजता नेणार. सख्ख्यांना फोन होतो, बाकीच्यांना होत नाही. ‘टीव्हीवर दिलंय’ म्हटलं की घरी येऊन सांगितल्यासारखंच.

माझ्या समोरच्या घरातल्या कौसिल मावशीचं तर ते रोजचं व्रत. सव्वासहाला अंगणात दिवा लावायचा, हात पुसायचे, चष्मा चढवायचा आणि वही घेऊन टीव्हीसमोर बसायचं. नावं उतरवायची आणि कुणाकडे कसं जायचं ते ठरवायचं. एकाहत्तर वर्षांची बाई, गुडघे धड नाहीत, पण ओळखीतलं एकही मयत तिने चुकवलं नव्हतं. जन्म उसाच्या मळ्यात खुरपण्यात गेला. नवरा लवकर वारला, मुलगी कॅनडात. घरात ती आणि टीव्ही.

त्या खुरपणीच्या टोळीत बावीस वर्षं तिच्या शेजारच्या सरीत राजदाई असायची. दोघी पहाटे अंधारात ट्रॅक्टरच्या गाडीवर बसून निघायच्या आणि एकाच डब्यातली रोटी खायच्या. मळे बंद पडल्यावर राजदाई पेनाल गावाला मुलीकडे राहायला गेली. पुढे तिला ऐकू येईनासं झालं, म्हणून फोनवरचं बोलणंही थांबलं. दिवाळीला तेवढ्या भेटायच्या. दोघींचं ठरलेलं होतं, जी आधी जाईल तिच्या तोंडात शेवटचं पाणी दुसरीने घालायचं.

एका शनिवारी बांबूंनी भरलेला ट्रक आमच्या वळणावर वळला आणि वरच्या तारेत अडकला. केबल तुटून रस्त्यात आली. अख्ख्या गल्लीचे टीव्ही काळे झाले. मावशीने माझ्यासमोरच कंपनीला फोन लावला.

“मॅडम, बॉक्स बंद करून परत चालू करा,” पलीकडचा मुलगा म्हणाला.

“बाळा, वायर रस्त्यात पडलीय.”

“हो मॅडम. तरी एकदा बंद करून चालू करा.”

“मी बॉक्स चालू केला की वायर खांबावर चढणार आहे का? शेजारची बकरी ती चघळत उभी आहे. तिला सांगू, बंद हो नि चालू हो?”

“आमच्याकडे तुमची लाइन चालू दिसतेय, मॅडम.”

“मग तूच बघ टीव्ही आणि मला सांग, आज कोण गेलं.”

सोमवारी कंपनीची गाडी आली. दोघे उतरले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. उंच शिडीची गाडी प्रिन्सेस टाउनला गेलीय म्हणाले, माझ्याकडचं थंड पाणी प्यायले आणि गेले. मावशी सकाळ-संध्याकाळ फोन करतच होती. दर वेळी नवा आवाज, दर वेळी तेच बॉक्सचं पुराण. गुरुवारी दुपारी शिडीची गाडी आली आणि वीस मिनिटांत वायर जोडून गेली. वीस मिनिटांचं काम! त्यासाठी आमचे सहा दिवस. कुणी चुकलं म्हटलं नाही की काही नाही.

शनिवारी आम्ही दोघी बाजारात गेलो. मावशी भोपळा निवडत होती, तेवढ्यात समोर राजदाईची मुलगी शेरी-अ‍ॅन दिसली. अंगावर पांढरे कपडे, हातात दहाव्याच्या सामानाची पिशवी.

“अगं शेरी, पांढऱ्यात का तू? कोण गेलं?”

शेरी-अ‍ॅन जागच्या जागी थांबली. “कोण गेलं म्हणून मला विचारतेस, मावशी? सोमवारी आणि मंगळवारी टीव्हीवर फोटो दिला. सारं गाव आलं. बुधवारी आईची शवपेटी अंगणात होती आणि मी पंडितजींना म्हणत होते, दहा मिनिटं थांबा, कौसिल मावशी येईल, पाणी तीच घालणार. अर्धा तास उन्हात थांबवलं लोकांना.”

“राजदाई?” मावशी एवढंच म्हणाली.

“हो, राजदाई. साऱ्या गावाची मयतं वहीत लिहितेस, नेमकं आईचं तेवढं राहिलं?”

“केबल बंद होती गं आमची. फोन का नाही केलास?”

“तुला फोन कशाला करायचा? तू साडेसहा चुकवत नाहीस हे मी लहानपणापासून बघतेय. केबल बंद म्हणे! चुलत्याची गाडी बंद, मामाचा रक्तदाब, तुझी केबल. न येणाऱ्याला कारणं फुटतात, मावशी. आता शुक्रवारी तेराव्याला जेवायला तेवढी नको येऊस.”

एवढं बोलून ती गेली. बाजारातल्या बायका बघत होत्या. मावशीने भोपळा होता तिथे ठेवला.

घराच्या पायरीवर बसल्यावर मावशी म्हणाली, “त्या पोरीला वाटतंय मी मुद्दाम गेले नाही. राजदाईलाही तसंच वाटलं असेल?”

मी म्हटलं, वर गेलेल्याला सगळं दिसतं, मावशी.

“वरच्याला दिसतं गं. पेनालवाल्यांना कागद दाखवावा लागतो. मला कंपनीचा कागद पाहिजे.”

सोमवारी आम्ही सॅन फर्नांडोला गेलो. कंपनीच्या ऑफिसात हाडं गोठवणारी गार हवा. नंबराची चिठ्ठी घेऊन दोन तास बसलो. भिंतीवर दरवाजाएवढा टीव्ही होता, त्यात चित्र असं स्वच्छ, की माशाचे खवले मोजावेत. माझं डोकं फिरलं. खिडकीत मिस बातिस्त नावाची तरुण मुलगी होती.

“सहा दिवसांचे पैसे पुढच्या बिलातून वजा करते, मॅडम.”

“पैसे राहू देत तुझ्याकडे. केबल बंद होती असं लिहून दे.”

“असं पत्र आम्ही देत नाही. शिवाय इथे तुमची लाइन चालूच दिसतेय.”

“चालू होती तर मी अकरा फोन काय तुझ्या कंपनीशी सोयरीक जमवायला केले?”

मागच्या रांगेत लोक हसले. मिस बातिस्तने बटणं दाबली. “अकरा... हो, अकरा आहेत.”

“तेच छापून दे.”

“तो आतला कागद असतो, मॅडम. गिऱ्हाइकाला देत नाहीत.”

मग मावशीने काचेला तोंड लावून तिला सगळं सांगितलं. राजदाई, पेटी, उन्हातला अर्धा तास. सांगताना तिचे डोळे कोरडे होते. मुलगी ऐकत राहिली. मग तिने मागच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “माझी आजी साडेसहाला आम्हाला बोलूसुद्धा देत नाही.” कागद निघाला. तिने तो घडी घालून काचेखालून सरकवला.

टॅक्सीत मी तो वाचला आणि अंगाचा भडका उडाला. अकरा ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी लिहिलेलं, ‘बॉक्स बंद करून चालू करण्यास सांगितले. तक्रार मिटली.’ वायर रस्त्यात, बकरी वायरीवर, आणि तक्रार अकरा वेळा मिटलेली!

“मंगळवार वाच,” मावशी म्हणाली.

मंगळवार संध्याकाळ. सहा सत्तावीस ते सात नऊ. ग्राहक प्रतीक्षेत.

शुक्रवारी आम्ही पेनालला गेलो. मांडव भरला होता, केळीसारख्या रुंद सोहारीच्या पानांवर भात वाढत होते. मावशी फाटकातच उभी राहिली. शेरी-अ‍ॅन कमरेवर हात ठेवून आली.

“मी जेवायला आले नाही,” मावशी म्हणाली. “एवढं वाच, मग मी जाते.”

शेरी-अ‍ॅनने वाचलं. बोट ओळीओळीवरून खाली आलं आणि मंगळवारवर थांबलं.

“आईचा फोटो सहा चाळीसला आला होता,” ती हळूच म्हणाली.

“तेव्हा मी फोन कानाला लावून कंपनीचं गाणं ऐकत होते गं. बेचाळीस मिनिटं.”

शेरी-अ‍ॅनने कागद पदराला बांधला आणि मावशीचा हात धरून तिला आत नेलं. राजदाईच्या फोटोसमोर तांब्या होता, तो तिच्या हातात दिला. मावशीने पाणी सोडलं, डोळे मिटून रामाचं नाव घेतलं. मग चष्मा पुसून तिने फोटो जवळून पाहिला.

“टीव्हीवर हाच दिला होता?”

“हाच. मळ्यातला आहे. एकटीचा चांगला फोटोच नव्हता, म्हणून दोघींचा होता तो कापून घेतला.”

राजदाईच्या खांद्यावर, कडेला, कुणाची तरी चार बोटं राहिली होती. काळी, मातीने भरलेली.

“हा माझा हात,” मावशी म्हणाली. आणि इतके दिवस कोरडे राहिलेले तिचे डोळे वाहायला लागले. “माझा हात अख्ख्या त्रिनिदादने पाहिला गं. मलाच तेवढा दिसू दिला नाही मेल्यांनी.”