दोन वेळची मेथी

वडिलांच्या हृदयातली झडप बदलल्यावर सोलापूरच्या डॉक्टरांनी रक्त पातळ राहण्याची गोळी दिली. ती मी कधीच चुकू दिली नाही. मंगळवेढ्याहून नातेवाईक त्यांना भेटायला यायचे, ते पिशवीभर मेथी घेऊनच. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि सोबत कच्ची मेथी असली की आमच्याकडे दुसरं काही लागत नाही. मी तळलेलं सगळं बंद केलं आणि दोन्ही वेळेला त्यांच्या ताटात अख्खी जुडी निवडून ठेवू लागले. शेजारणींना कौतुकानं सांगतही होते.

महिन्याच्या तपासणीत रक्त घट्ट निघालं.

"गोळी चुकली का?" डॉक्टरांनी विचारलं.

मी चिडलेच. "एकही नाही! उलट रोज दोन जुड्या मेथी खाऊ घालतेय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पालेभाजीतलं के जीवनसत्त्व या गोळीचं काम हाणून पाडतं. झडपेवर रक्ताची गाठ धरली असती तर?"

मेथी सोडायची नव्हती, त्यांनी समजावलं; रोज थोडी, आणि रोज तेवढीच खायची होती. हे आधी का नाही सांगितलं, म्हणून मी भांडणार होते. पण वडिलांचा हात धरून उठले.

परतताना रिक्षात मी वडिलांवरच ओरडले, "आवडते म्हणून इतकी खायची का, अण्णा?"

"मला चार काड्या बास हुत्या की," ते म्हणाले. "तू एवढी निवडून देतीस, म्हनून संपवत हुतो."