पोरींचेही दहा किलोमीटर

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल. शाळा चौथीला सुटली. ही वही कुणी उघडलीच तर सांभाळून घ्या.

सकाळच्या पहिल्या एसटीने मी आणि माझी लेक मनीषा शिनोलीहून निघालो. मंचरला उतरून निरगुडसरकडची जीप धरली. आमच्याकडे डोंगर अंगावर येतो. इथे नजर जाईल तिथवर ऊस आणि कांदा. निरगुडसरला कॉलेजांची क्रॉस कंट्री (रानावनातून पळायची शर्यत) होती. आजवर मुलगे दहा किलोमीटर पळायचे, मुली सहा. यंदा दोघांनाही दहा. मुली मध्येच बसल्या तर पुढच्या वर्षी पुन्हा सहा, असं तिच्या सरांनी बजावलं होतं.

जीपमधले आजोबा म्हणाले, "पोरींना दहा? लई व्हतंय राव. रडत येतील."

"आवणीला (भातलावणीला) बाया दिवसभर वाकत्यात, तवा कोण म्हणतं लई व्हतंय?" मनीषा म्हणाली.

"वकील हाय का पोरगी?" आजोबा हसले. मी बाहेर बघत राहिले. परक्या माणसापुढे माझा आवाज निघत नाही.

शर्यतीआधीच मी कालव्याकडेने चालत तीन किलोमीटरच्या खुणेपाशी जाऊन बसले. पूर्वी मुली इथूनच माघारी वळायच्या. मुली येताना दिसल्या, आणि तिथल्या टोपीवाल्या सरांनी सवयीने हात केला. "पोरींनो, इथून माघारी."

मुली गोंधळल्या. वळल्या असत्या तर सहाच भरले असते, आणि पोरींना झेपलं नाही असंच गावभर झालं असतं.

जनावरं पिकात शिरू नयेत म्हणून बांधावर हात पसरतो, तशी मी माघारीच्या वाटेत उभी राहिले. "माघारी नाय. पुढं पळा."

"ओ मावशी, बाजूला व्हा."

"आधी शर्यतीचा कागद बघा सर. यंदा पोरींना बी दहाच हायेत."

त्यांनी खिशातला कागद उलगडला. तोवर मुली पुढे गेल्या होत्या. "चुकलं," ते म्हणाले. "दरसाल इथंच वळवतो."

मनीषा चौथी आली. पदकं तिघींनाच. शेवटची मुलगी लंगडत आली, पण मध्ये एकही बसली नाही. बाभळीखाली आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला. मनीषाच्या टाचेला फोड आला होता.

परतीच्या एसटीत तिच्या छातीवरचा शर्यतीच्या नंबराचा कागद पाहून कंडक्टरने विचारलं, "किती पळाली ताई?"

ती पेंगत होती. मीच म्हणाले, "दहा किलोमीटर."

"पोरींना दहा असतात व्हय?"

"असतात," मी म्हणाले, आणि दोन तिकिटं मागितली.