टेंभराचा दोना

तिले पाहून माझा जाम जळफळाट व्हायचा, खरं सांगते!

गडचिरोलीच्या कोर्टात कडुनिंबाखाली आमची टेबलं बाजूबाजूले. दोघीही वकील, पण भामरागडकडच्या बाया माझ्याकडे ढुंकूनही न पाहता सरळ तिच्याकडे जायच्या. ती त्यांच्यातलीच, माडिया. मी मूल गावची, मले त्यांची भाषा येत नाई. ती खुर्ची सोडून त्यांच्याजवळ जमिनीवर बसायची. आधी गाव विचारायची, मग घराणं, मग जंगलात यंदा मोहा किती पडला ते. केसचं नावही नाई! मग एखादी बाई हळूच बोलायला लागायची, अन् ही पेन खाली ठेवून नुसती ऐकायची.

जाताना बाया पानाच्या दोन्यात पिकलेली टेंभरं, तेंदूची गोड फळं, ठेवून जायच्या. ती दोना माझ्याकडे सरकवायची.

एकदा मी चिडलीच. "ताई, मले दाखवून राह्यल्या का, तुमच्याकडे किती येते ते?"

ती हसली. "नाई वं पोरी. कोणाचं असं ऐकलं ना, का त्या दिवशी तोंडाले चवच राहत नाई. अन् ऐकते तर मी रोजच."

मले ते नाटक वाटलं. टेंभरं मात्र मी सगळी खाल्ली.

मागच्या आठवड्यात ती सुट्टीवर होती. एक म्हातारी आली, मराठी बोलणारी. मी पटकन खाली बसली, गाव विचारलं, घराणं विचारलं. मग तिनं आपल्या नातीसोबत काय झालं ते सांगितलं. सगळं. जाताना दोना ठेवला, चक्क माझ्या टेबलावर!

संध्याकाळी कोर्ट सुटलं, तरी दोना तसाच भरलेला होता.