ओरिजिनल दोरी

“हे काय आणलं, वानखेडे? इथं स्पर्धा आहे, शाळेचं गॅदरिंग नाही.”

जिल्हा संघटनेच्या सचिवांनी आमचं धनुष्य दोन बोटांत धरून वर उचललं. मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तसं. टेबलाभोवतीचे सात-आठ जण हसले. सचिव हसले की हसायचं, एवढी एकच शिस्त त्या संघटनेत पाळली जायची.

माझ्या शेजारी राठोड मॅडम उभ्या होत्या. धनुष्य त्यांचं. त्या हसल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. गळ्यातली शिवणाची टेप सारखी करत उभ्या राहिल्या.

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा इन्स्ट्रक्टर होतो. राठोड मॅडम आमच्याच संस्थेत शिवणकाम शिकवायच्या. त्यांचं गाव फुलसावंगी. सहा वर्षं तासिकेवर, म्हणजे तास घेतला तर पगार, सुट्टी लागली तर काही नाही. कायम नोकरीसाठी वयाची जी अट असते ती ओलांडायला त्यांची दोन वर्षं उरली होती. अशा वेळी संघटनेचं एक पत्रक संस्थेत आलं. क्रॉसबोची राज्य निवड स्पर्धा यवतमाळात होणार. पहिल्या तिघांची राज्य संघात निवड. निवडीचं प्रमाणपत्र. आणि खाली जाड अक्षरांत, या प्रमाणपत्रावर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरी.

मॅडम पत्रक घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या.

“सर, असं धनुष्य आपल्याच्यानं बनते काय?”

“काहून नाई बनत? लोखंड-लाकूडच हाय ना थे.”

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी मागे ओढून खटक्यात अडकवायची, पुढे आखूड बाण ठेवायचा, नेम धरायचा, खटका दाबायचा. त्या बाणाला बोल्ट म्हणतात. आमच्या ट्रेडमध्ये बोल्टला नट लागतो, म्हणून पहिले आठ दिवस माझाच गोंधळ व्हायचा. इनडोअर प्रकारात बंद हॉलमध्ये अठरा मीटरवरून कागदी टार्गेटवर मारतात. अगदी मधल्या गोलाला दहा गुण.

कंपनीचं धनुष्य बाहेरून मागवायचं तर मॅडमचा वर्षाचा पगार गेला असता. म्हणून आम्ही ते बनवलं. दांडा जुन्या सागवानी बेंचचा. खटका मी स्वतः पोलादी पट्टीतून कानशीनं घासून काढला. त्याला तीन आठवडे लागले, आणि तसा खटका आजही कुणी घासून दाखवावा. कमानीसाठी लोहाऱ्याच्या एमआयडीसीतून ट्रान्सफॉर्मरमध्ये घालतात ती फायबरची पट्टी आणली. केबल आल्यामुळे लोकांनी गच्चीवरून काढून टाकलेल्या ॲन्टेनाच्या ॲल्युमिनियम नळ्यांचे बोल्ट केले. त्यांना पिसं लावली ती जुन्या एक्स-रे फिल्मची. एका बाणावर कुणाच्या तरी बरगड्या दिसायच्या.

दोरी मात्र मॅडमची. पॉलिएस्टरचा धागा त्यांनी पदरावर पदर घेऊन पिळला, दोन्ही टोकांना फासे केले, खटक्यात अडकते त्या जागी वरून घट्ट धागा गुंडाळला. मग ती दोरी वर्कशॉपच्या तुळईला बांधून खाली लोखंडी ठोकळा टांगला. चार दिवस तशीच.

“हे कायले?” मी विचारलं.

“जेवढी वाढायची तेवढी इथंच वाढू द्या. मंग नाई वाढत.”

ते कापसाचे वाईट दिवस होते. कापसातली सरकी काढायच्या जिनिंग बंद पडत होत्या, मग फिटर होऊन करायचं काय, म्हणून पोरं ॲडमिशनच घेत नव्हती. आमच्या दोन शेडपैकी एक रिकामी पडली होती. तिचं काय करावं याचा अहवाल वरून तीनदा मागवला. मी तीनदा मशिनरी मागितली. चौथ्यांदा काही न मागता तिथं अठरा मीटर मोजून रेघ मारली. बंद जिनिंगमधून डागी रुईची एक गाठ आणून भिंतीला लावली. बाण अडवायला त्या गाठीसारखं दुसरं काही नाही. सरकारी खरेदीत डागी म्हणून नाकारलेला माल निदान या कामी आला. दोन महिने रोज सुट्टीनंतर मॅडम तिथं मारायच्या. शेवटच्या आठवड्यात तीन बोल्ट मारले की तिन्ही चहाच्या बशीखाली झाकले जायचे.

तर आता ते धनुष्य सचिवांच्या दोन बोटांत लटकत होतं.

“कंपनीचा शिक्का कुठाय?” त्यांनी विचारलं.

“शिक्का नाई. मी बनवलं.”

“मग नाही चालणार. नियम आहे.”

“नियम दाखवा जी.”

सचिवांकडे नियमपुस्तकाची झेरॉक्स होती. ती त्यांनी कधी वाचली नसावी, कारण उघडल्यावर पानं उलटी निघाली. तेवढ्यात पुण्याहून आलेल्या पंच बाई टेबलाशी आल्या. त्या हॉलमध्ये हा खेळ कळणारं माणूस बहुतेक त्या एकट्याच.

“नियमात कंपनी लिहिलेली नाही,” त्या म्हणाल्या. “ताण मोजा, खटका तपासा. बसत असेल तर बसलं.”

ताणकाट्याला दोरी अडकवून ओढली. ताण मर्यादेच्या आत. बाईंनी खटका वीसेक वेळा दाबून पाहिला, दांडा आपटून पाहिला. खटका सुटला नाही. “कुणी केलाय?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. त्यांनी मान हलवली आणि धनुष्यावर पास झाल्याचं स्टिकर लावलं. माझी छाती एवढी फुगली की पुढचा सगळा घोटाळा त्या छातीनंच केला.

स्पर्धा मंगल कार्यालयात होती. उद्घाटन दहाला. अध्यक्ष आले साडेबाराला. ते स्वतः जिनिंगवाले. “रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची लाइन लागलीय, बाप्पा, निघताच येत नाही,” म्हणाले. खरेदी केंद्रापुढे तीन-तीन दिवस त्या लाइनीत बसलेल्या माणसांमुळे यांना उशीर झाला होता. व्यासपीठामागे बॅनर होता, त्यावर बोंडाचं चित्र आणि ‘शेतकऱ्यांच्या लेकरांसाठी’. स्पर्धकांत शेतकऱ्याची लेक एक, आमच्या राठोड मॅडम, आणि तिलाच सकाळी घालवून देत होते. अध्यक्षांनी फोटोसाठी कुणाचं तरी धनुष्य हातात घेतलं. दांडा पुढे, कमान पोटाकडे, बोट खटक्यावर. पंच बाईंनी धावत जाऊन ते काढून घेतलं. फोटो राहिला.

या गडबडीत सचिव माझ्याजवळ आले. आवाज एकदम मऊ.

“वानखेडे, धनुष्य तर चांगलं केलंत हो. पण दोरी? शिवणाच्या धाग्याची? तुटली तर बाईंच्या तोंडावर येईल. माझ्याकडे ओरिजिनल आहे.”

हॉलच्या कोपऱ्यात एक टेबल होतं. त्यावर दोऱ्या, बोल्ट, बॅगा, सगळं बाहेरच्या कंपनीचं. सचिव संघटनाही चालवायचे आणि दुकानही. नियम कुठल्या हातानं सांगायचे आणि माल कुठल्या हातानं विकायचा, यात त्यांचा कधी घोळ व्हायचा नाही.

मला हे सगळं दिसत होतं. तरी मी दोरी विकत घेतली.

का घेतली? मॅडमच्या तोंडावर दोरी तुटेल ही भीती होती, हे खरं. पण अर्धंच. उरलेलं खरं असं की सकाळी ते लोक हसले होते, आणि त्यांच्या धनुष्यांच्या ओळीत आमच्या धनुष्यावर एक तरी कंपनीची वस्तू असावी असं मला वाटलं. मॅडम म्हणाल्या, “सर, आपली दोरी दोन महिने चालून राह्यली ना. कायले बदलता?”

“मॅडम, ओरिजिनल हाय.”

फिटर माणूस मी. तीस वर्षं पोरांना शिकवलं की मशिनवर नवा पट्टा चढवला की तो सैल होतो, दोन दिवसांनी पुन्हा ताणून घ्यावा लागतो. त्या दिवशी हा धडा मला आठवला नाही. कमान वाकवून मीच माझ्या हातानं ती दोरी चढवली. पंच बाईंनी पुन्हा तपासून होकार दिला. दोरी नियमात बसत होती. नवी आहे हे त्यांना सांगायचं काम माझं होतं.

दोन फेऱ्या होत्या, प्रत्येकी तीस बोल्ट. सरावाचे सहा बोल्ट बरे गेले. पहिल्या फेरीची सुरुवात दहा, नऊ, नऊ. मग आठ, आठ. मग सात. बोल्ट बाजूला जात नव्हते, एकाखाली एक उतरत होते, जिना उतरल्यासारखे.

मी मागच्या खुर्चीवरून सूचना द्यायला लागलो. “मॅडम, खांदा पडून राह्यला. श्वास धरा.” त्यांनी श्वास धरला. बोल्ट खाली. “साइट एक घर फिरवा.” त्यांनी नेम धरायच्या साइटचा स्क्रू फिरवला. दोन बोल्ट वर आले, तिसरा पुन्हा खाली. “मन लावा, मॅडम!” हेही मी म्हणालो. ज्याला कारण सापडत नाही तो इन्स्ट्रक्टर मन लावायला सांगतो.

फेरी संपली तेव्हा त्या नवव्या नंबरवर होत्या. शेजारून जाताना सचिव म्हणाले, “घरगुती ते घरगुतीच.”

मॅडम खाली बसल्या. गळ्यातली टेप काढली आणि कमानीपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजलं. दोनदा.

“सर, तुमी ही दोरी चढवली तवा साडेचार इंच होतं. आता पावणेचार हाय. दोरी वाढून राह्यली.”

दोरी लांबली की कमान कमी वाकते. कमान कमी वाकली की जोर कमी. जोर कमी की बोल्ट खाली. वर्कशॉपमध्ये कुठल्याही पोरानं हे दोन मिनिटांत सांगितलं असतं.

“तुमी मोजलं होतं तवा?” मी एवढंच विचारलं.

“ब्लाउज शिवतानी माप घेतल्याबिगर कैची लावता काय?”

त्यांनी पर्समधून स्वतःची दोरी काढली. पंच बाईंना दाखवली. बाईंनी ती बोटांतून ओढून पाहिली, फासे पाहिले, म्हणाल्या, “चालेल. सकाळी हीच होती ना? मग काढली कशाला?” मॅडमनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला जास्त लागलं.

दुसऱ्या फेरीत मी तोंड उघडलं नाही. दहा, दहा, नऊ. दहा, नऊ, दहा. एका वेळी दोन बोल्ट इतके चिकटून बसले की एकाची एक्स-रेची पिसं दुसऱ्यानं कापली. हॉलमधला गोंगाट हळूहळू बंद झाला. सकाळी हसलेले लोक खुर्च्या ओढून मागे येऊन बसले. अध्यक्ष तोवर जेवून निघून गेले होते. दुसऱ्या फेरीत मॅडमचे गुण अख्ख्या हॉलमध्ये सगळ्यांत जास्त होते.

दोन्ही फेऱ्यांची बेरीज झाली. राठोड मॅडम चौथ्या. तिसऱ्या नंबरपेक्षा दोन गुण कमी.

राज्य संघात तीन जण जाणार होते.

बक्षीस समारंभात सचिवांनी माइकवर सांगितलं की आमच्या संघटनेच्या मार्गदर्शनाखाली ग्रामीण भागासाठी कमी खर्चाचं धनुष्य तयार करण्यात आलं आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो आला. हातात आमचं धनुष्य. निदान या वेळी सरळ धरलेलं.

परत येताना एसटीत मी म्हटलं, “मॅडम, चूक माझी झाली.”

“हो,” त्या म्हणाल्या.

आता नोकरीच्या प्रमाणपत्राचं ऐका. पाच-सहा महिन्यांनी मी काही कामानं जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो होतो. निवड झालेल्या तिघांपैकी एक जण तिथल्या क्लार्कशी भांडत होता. क्लार्क त्याला थंडपणे सांगत होता, “अहो, नोकरीसाठी खेळांची यादी असते. हा खेळ त्या यादीत नाही. कधीच नव्हता. तुमच्या सचिवांना आम्ही दोनदा लेखी कळवलंय.” म्हणजे जाड अक्षरांतली ती ओळ छापताना सचिवांना सगळं ठाऊक होतं. लोकांनी प्रवेश घ्यावा, दोऱ्या घ्याव्यात, एवढाच त्या ओळीचा उपयोग.

मी तिथून निघालो तो सरळ मॅडमच्या शिवण वर्गात. मला, खरं सांगतो, आनंद झाला होता. सहा महिने छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटत होतं. तो उतरला असं मला वाटलं.

मॅडम टेबलावर कापड पसरून खडूनं रेघा मारत होत्या. मी सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, “म्हंजे ते दोन गुण मिळाले असते तरी काही फायदा नव्हता, मॅडम. नुकसान झालंच नाई आपलं.”

त्यांनी रेघ पूर्ण केली. मग वर पाहिलं.

“सर, यादी त्यायनं खोटी सांगितली, थो त्यायचा गुन्हा. दोरी तुमी बदलली. यादीत नाई म्हनून तुमची चूक कमी होत नाई.”

पुढच्या वर्षी त्या पुन्हा उतरल्या, नोकरीबिकरीचा विचार न करता. दुसऱ्या आल्या, संघातून खेळून आल्या. कायम नोकरी त्यांना वयाची अट संपायच्या चार महिने आधी साध्या लेखी परीक्षेतून लागली. संघटनेत नंतर भांडणं होऊन तिचे दोन तुकडे झाले. सचिव दोन्हीकडे दोऱ्या विकतात असं ऐकलं.

नव्या इन्स्ट्रक्टरांना मी एवढंच सांगतो. स्पर्धेच्या दिवशी मशिनला कुठलीही नवी वस्तू लावू नये. जो नियम सांगतो तोच ती विकत असेल, तर मुळीच नाही. आणि लावलीच, तर दुसऱ्याला मन लावायला सांगण्याआधी टेप काढून मोजावं.