खणकाकांनी काकूंची बाग आवरली

बस डेपोच्या सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये खणकाकांना डोळे बांधून सोडलं, तरी ते मागाल तो वॉशर काढून देतील असं तिथले मेकॅनिक म्हणायचे. एकाने एकदा खरंच त्यांच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. काकांनी वॉशर तर दिलाच, वर ते फडकं कुठल्या खणातलं आहे तेही सांगितलं आणि परत जागेवर ठेवायला लावलं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात असेल तेवढंच. झाडूवाल्यापासून साहेबांपर्यंत सगळ्यांचे ते खणकाकाच.

त्यांचे नियम दोन. एका खणात एकच जात: नट नटांबरोबर, बोल्ट बोल्टांबरोबर. आणि एक वस्तू दोन ठिकाणी ठेवायची नाही, नाहीतर पुढे गोंधळ होतो. हे नियम त्यांनी घरीही आणले होते. त्यांच्या स्वयंपाकघरातले चमचे उंचीप्रमाणे झोपायचे.

आणि असल्या माणसाची गाठ पडली ती काकूंशी. काकू टपाल वाटायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या वस्तू बरोबर पत्त्यावर पोचवून त्या इतक्या दमायच्या, की स्वतःची वस्तू जिथे हात थांबेल तिथे सोडून द्यायच्या. चष्मा पावाच्या डब्यावर, किल्ल्या कुंडीत. गंमत म्हणजे, त्यांना सगळं सापडायचं. काकांना खरा राग याचाच होता.

काकूंचा शौक एकच. घरी आल्या की पाय स्टुलावर टाकायच्या आणि हातातल्या गेमच्या यंत्रावर बाग फुलवायच्या. खेळातलीच बाग, पण वर्षानुवर्षं जोपासलेली. झाड न झाड त्यांच्या ओळखीचं. कंपनीने त्या जुन्या यंत्राकडे पाठ फिरवली, तेव्हा काकूंनी इंटरनेटवर वाचून वाचून त्यात कस्टम फर्मवेअर घातलं होतं. म्हणजे कंपनीच्या मूळ प्रणालीच्या जागी हौशी मंडळींनी बनवलेली प्रणाली. त्यामुळे हौशी मंडळींचेच छोटे छोटे खेळही त्यावर चालू लागले. यंत्रातून धूर निघेल असं काका छातीठोकपणे सांगत होते. तो निघाला नाही, याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं.

लोकांचे जिने चढून चढून काकूंचे गुडघे शेवटी कामातून गेले. ऑपरेशन ठरलं. त्यानंतर कित्येक आठवडे दुसऱ्या गावातल्या केंद्रात राहून व्यायाम करायचे, आणि भेटायला माणसांनी फक्त रविवारी यायचं. काकूंनी तयारीचं एकच काम काकांवर सोपवलं.

"यंत्रातलं मेमरी कार्ड भरलंय. मी तपासण्या करून येते, तोवर नव्या कार्डावर सगळं जसंच्या तसं उचलून टाका. शहाणपणा करू नका."

"मी येतो की तुझ्याबरोबर."

"नको. डॉक्टरांचं टेबल आवरत बसाल."

काकांनी कार्ड कम्प्युटरला लावलं आणि कपाळावर हात मारला. खेळ, फोटो, फर्मवेअरच्या चित्रविचित्र नावांच्या फाइली, सगळ्यांची नुसती जत्रा. ज्या खोक्यात खेळ, त्याच खोक्यात त्या खेळाची सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची फाइल. एका खणात दोन जाती!

खरी गोष्ट सांगायची तर काका घाबरले होते. भूल, टाके, पुन्हा चालता येईल का, हे सगळं त्यांच्या मनात घोळत होतं आणि तोंडातून त्यातलं अक्षर फुटत नव्हतं. घाबरलेला माणूस कधी भांडण उकरून काढतो, कधी येरझाऱ्या घालतो. काका आवरायला घेतात.

तर त्यांनी आवरलं. फर्मवेअरच्या फाइली ‘यंत्राचे सामान’ नावाच्या फोल्डरमध्ये घातल्या. खेळांचे जातवार फोल्डर केले. सगळ्या सेव्ह वेचून वेगळ्या फोल्डरमध्ये भरल्या. मग एक वस्तू दोन ठिकाणी नको म्हणून जुनं कार्ड पुसून साफ केलं आणि चहा प्यायले. तो चहा त्यांना फार गोड लागला.

काकू आल्या, त्यांनी नवं कार्ड घातलं, बटण दाबलं. पडदा काळाच राहिला.

"काय केलंत?"

"काही नाही. जरा नीट लावलं."

काकूंनी कार्ड काढून कम्प्युटरवर उघडलं आणि सुस्कारा सोडला. "अहो, ह्या फाइली सगळ्यात बाहेर, दारातच लागतात. यंत्र चालू झालं की फक्त दारात बघतं. तुमच्यासारखे खण उघडत बसत नाही." त्यांनी त्या बाहेर काढल्या. पडदा उजळला. काकांनी घाम पुसला, आणि तेवढ्यात काकूंनी बाग उघडली.

उघडं माळरान. एक झोपडी, एक फावडं, आणि वर लिहिलेलं: तुमच्या नव्या बागेत स्वागत.

काकूंनी यंत्र मांडीवर ठेवलं. ऑपरेशनची तारीख ऐकतानाही ज्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती, त्यांचे ओठ थरथरायला लागले.

"जुनं कार्ड द्या," त्या म्हणाल्या.

"पुसलं."

काकांना वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. इतक्या वर्षांची बाग. पुढचे आठवडे त्या परक्या खोलीत हिला जे काही सोबत करणार होतं, तेच आपण झाडून टाकलं. "पण मी फेकलं काहीच नाही गं," ते रडवेल्या आवाजात म्हणाले. "सेव्ह सगळ्या आहेत. त्यांच्या खणात ठेवल्यात."

"त्यांच्या कुठल्या खणात?"

"खेळ खेळांबरोबर, सेव्ह सेव्हांबरोबर. नट आणि बोल्ट ठेवतो तसं."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्या हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "अहो, खेळ आपली सेव्ह स्वतःच्या शेजारीच शोधतो. नाही सापडली की नवा डाव मांडतो. तुम्ही माझी चालती गाडी खोलून तिचे भाग खणांत भरलेत!"

काका खुर्ची ओढून बसले. काकू खेळांची नावं सांगत गेल्या आणि काका एकेक सेव्ह उचलून तिच्या खेळाशेजारी ठेवत गेले. नट आणि बोल्ट एकाच खणात ठेवताना त्यांचा हात जड होत होता, पण थांबला नाही. बाग उघडली. झाडं होती, कुंपण होतं, ओढ्यावरचा पूलही होता. काकूंनी काकांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

मग त्या बाकीचे फोल्डर बघायला लागल्या. फार खेळलेले, न आवडलेले, अर्धवट टाकलेले. सगळ्यांत खाली एका फोल्डरवर त्या थांबल्या.

"‘दुखेल तेव्हाचे’? हे काय?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "सोपे काढून ठेवलेत. ज्यात हरायला होत नाही असे. टाके ताजे असताना डोकं चालणार नाही तुझं."

काकूंनी तो फोल्डर उघडला नाही, हलवलाही नाही. "हा असू दे," एवढंच म्हणाल्या.

ऑपरेशन पार पडलं. काका रोज डबा खाऊन झाला की स्टोअरमधून फोन लावायचे. दुखतंय का विचारलं की काकूंचं उत्तर ठरलेलं: मजेत आहे. टपालखात्यात जन्म काढूनही स्वतःची खबर म्हणून कुणाला पोचवायची नाही, अशी ती बाई. काकांनी दोन दिवस मजेत ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रश्न बदलला.

"आज कुठल्या फोल्डरमध्ये आहेस?"

पलीकडून येणारा खेळाचा आवाज बंद झाला.

"तुमच्याच त्या," काकू हळूच म्हणाल्या. "आल्यापासून."

म्हणजे दुखत होतं. पण आता निदान विचारता येत होतं आणि तिला सांगता येत होतं. मग रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. मेकॅनिक समोर येऊन उभे राहायचे, काका त्यांना हातानेच थांबवायचे.

आणि एका दुपारी फोन चक्क काकूंनीच केला.

"काय गं, काय झालं? कुठल्या फोल्डरमध्ये आहेस?" काका धडपडत उठले.

"कुठल्याच नाही. बागेत आहे. तण माजलंय नुसतं, फार काम पडलंय. नंतर बोलते," आणि त्यांनी फोन ठेवला.

काका बोल्टांच्या खणाला टेकून मनसोक्त रडले. समोरच्या मेकॅनिकने काहीतरी मागितलं, आणि काकांनी त्याला चुकीचा वॉशर दिला.