निर्जन जागेची परीक्षा

आमचे प्रशिक्षक पुण्याकडचे होते आणि येताना 'निर्जन' हा शब्द सोबत घेऊन आले होते. उठता बसता निर्जन. निर्जन स्थळी दिशा कशी ओळखायची, निर्जन स्थळी पाणी कसं शोधायचं, निर्जन स्थळी धीर कसा धरायचा. मला अजूनही तो शब्द कानावर पडला की चीड येते. लातूरच्या मुलखात निर्जन जागा होती कुठे? बघाल तिथे कोणाचा तरी बांध, कोणाची तरी विहीर, आणि त्या दोन्हींवरून चाललेलं कोणाचं तरी भांडण. सरांनी पहिल्याच सकाळी "आता आपण रानात जाणार आहोत" असं जाहीर केलं, तेव्हा आमच्यातल्या एकानं विचारलं, "कोणाच्या रानात, सर?" सरांना वाटलं, पोरगं थट्टा करून राहिलं. त्यांनी त्याला माळाला फेरी मारायला लावली. पण त्या बिचाऱ्याला खरंच विचारायचं होतं. आमच्याकडे रान म्हणजे शेत, आणि मालकाला न विचारता शेतात शिरलं की शिव्या खाव्या लागतात.

लातूर जिल्हा होऊन फार दिवस झाले नव्हते. नव्या जिल्ह्याला सगळंच पहिलंवहिलं करून दाखवायचं होतं. त्यात कोणाच्या तरी डोक्यातून कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी साहस आणि नेतृत्वाचं शिबिर निघालं. लातूरची पोरं पुरेशी मिळेनात म्हणून नांदेडहून आम्हाला बोलावलं. वर्ष दुष्काळाचं होतं. गावोगावी माणसं टँकरमागे पळत होती, बायका हमीच्या कामावर खडी फोडत होत्या, आणि आम्ही बालाघाटाच्या उघड्याबोडक्या माळावर तंबू ठोकून संकटाला तोंड द्यायला शिकत होतो. उद्घाटनाला आलेल्या साहेबांनी हारतुरे घेतले, संकटं माणसाला घडवतात वगैरे सांगितलं आणि जीपमधून निघून गेले. शिबिरासाठी वळवलेला टँकर बघायला खालच्या गावातली माणसं येऊन उभी होती. ती नुसती बघत होती. मला मान वर करायची लाज वाटत होती.

नदी ओलांडायचा धडा तर ऐकण्यासारखा आहे. कार्यक्रमात नदी होती, म्हणजे नदी व्हायलाच पाहिजे. कोरड्या ओढ्याच्या दोन्ही काठांवरच्या बाभळींना दोर बांधला आणि आम्हाला एकेक करून वाळूतून चालायला लावलं. वर काठावर उभे राहून सर ओरडत होते, "प्रवाह जोरात आहे! पाय रोवा! प्रवाह जोरात आहे असं समजा!" आम्ही समजलो. वाळूत पाय भाजत असताना वाहून जाण्याचं सोंग आणणं सोपं नसतं. एका मुलाचा तोल खरोखरच गेला, तर सरांनी त्याला बुडाला म्हणून बाद केलं.

हे सगळं मी मुकाट्यानं करत होते, कारण मला पास व्हायचं होतं. शिबिरातून एकाचीच निवड होणार होती आणि त्याला पुढच्या प्रशिक्षणासाठी हिमालयात पाठवणार होते. मला ते हवं होतंच, पण माझ्याहून जास्त माझ्या वडिलांना हवं होतं. ते मुदखेडला रेल्वेत गँगमन होते. नामांतराच्या दंगलीनंतर आम्ही गाव सोडून रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो, आणि तिथूनच मी रोज गाडीनं नांदेडला कॉलेजात जायचे. पोरीला डोंगरात कशाला धाडता, म्हणून नातेवाइकांनी वडिलांचं डोकं खाल्लं. वडील सगळ्यांना एकच सांगायचे, "आपल्यातल्या कोणी बर्फ बघितलाय का? बघू द्या की पोरीला." मला गाडीत बसवताना मात्र एवढंच म्हणाले, "पास होऊन ये. लोकायचं मी बघतो."

शेवटची परीक्षा एकांताची होती. प्रत्येकानं दिवसभर एकट्यानं राहायचं, सोबत थोडंसं पाणी, बाकीचं शोधायचं, आणि कोणाकडूनही काहीही घ्यायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, सल्लाही नाही. "निर्जन स्थळी तुमचं कोणी नसतं," सर म्हणाले. त्यांनी मला एका टेकाडाखाली, एकुलत्या एका बाभळीपाशी बसवलं आणि स्वतः गळ्यात दुर्बीण अडकवून वर चढले.

तोपर्यंत मी आघाडीवर होते. गाठी मला येत होत्या, नकाशा येत होता, चालण्यात तर मुलंही मागे पडत होती. आता तेवढा एक दिवस निभावला की झालं, असं म्हणून मी बसले. आणि त्या निर्जन स्थळी माणसांची रीघ लागली.

आधी शेरडं घेऊन एक म्हातारबा आले. मला बघून थांबले, काठीवर हनुवटी टेकली आणि विचारलं, "सासर सोडून आलीस व्हय, बाई?"

"न्हाई बाबा, लगीन झालं न्हाई माझं."

"मंग घरी भांडण झालं?"

"न्हाई. कॉलेजचं काम हाय."

"बाभळीखाली?" म्हातारबांनी मला नीट न्याहाळलं. "घरी जा पोरी. माय वाट बघत असंल." सल्ला घ्यायचा नव्हता, म्हणून मी तोंड फिरवून बसले. त्यांची खात्रीच पटली. जाताना ते दोनदा वळून म्हणाले, "जीवाचं काई करू नकोस गं." मी कपाळाला हात लावला.

उन्हं चढली तशी माझ्याजवळचं पाणी संपलं. ओढ्यात झिरा खणायला शिकवलं होतं, म्हणून मी ओढ्याकडे गेले. तिथे झिरेच झिरे होते आणि प्रत्येकाशी कोणीतरी वाटी घेऊन बसलेलं होतं. वाटीवाटीनं घागर भरत होती. मी आणखी एक खड्डा खणला असता तर त्यांचंच पाणी तोडलं असतं. मी परत बाभळीखाली आले. घशाला कोरड पडली होती आणि सरांचा, त्या साहेबांचा, अख्ख्या नव्या जिल्ह्याचा मला संताप आला होता.

तेवढ्यात ओढ्याकडून एक बाई आली. डोक्यावर भरलेली घागर, घागरीच्या तोंडावर पितळी तांब्या. वयानं माझ्या आईएवढी. मला बघून ती थांबली, घागर उतरवून बांधावर टेकवली आणि काही न विचारता तांब्या भरून पुढे केला.

"नको, मावशी," मी म्हणाले.

"अगं घे की. व्हट बघ कसे वाळलेत."

"नको. खरंच नको."

तिचा हात तसाच राहिला. चेहरा मात्र बदलला. "का गं?" ती म्हणाली. "आमचं पाणी चालत न्हाई व्हय तुला?"

मी तिच्याकडे बघतच राहिले. अंगात खाकी पँट, पायात बूट, भाषा कॉलेजची. तिनं मला कोण समजलं होतं ते माझ्या लक्षात आलं. आमचं पाणी लोक घेत नाहीत हे ठरलेलंच, त्यामुळे आमच्या घरात हा प्रश्न कोणाला विचारायची पाळी कधी आली नव्हती. तो आम्हाला विचारला जाईल, असं तर कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

"तसं न्हाई मावशी. परीक्षा हाय माझी. कोणाचं पाणी प्यायचं न्हाई, असा नेम हाय."

"पाणी न पिन्याची परीक्षा?" तिला ते पटेना. "आसली कसली परीक्षा? मंग आमचं सारं गावच पास हाय की! ते सांग तुझ्या मास्तरला." आणि मग, अजून रागातच, "घ्यायचं नसंल तर सरळ सांग. बहाणे करू नको."

आता काहीही बोलले असते तरी ते निमित्तच वाटलं असतं. मला वाटलं, हिला खरं कळलेलं बरं. कळल्यावर हीच तांब्या मागे घेईल, माझी परीक्षाही राहील आणि हिचा रागही जाईल. नेहमी मी तसंच करायचे. मागाहून कळून भांडं घासायला काढलेलं बघण्यापेक्षा आधीच सांगून टाकायचं.

"मावशी, मी बौद्ध हाय," मी म्हणाले.

घागरीकडे तिनं बघितलं, मग माझ्याकडे. मला त्या क्षणी तिची भीती वाटली, हे कबूल केलं पाहिजे. दंगलीत आमच्या दारात आलेले लोकही ओळखीचेच होते.

"मंग?" ती म्हणाली. "मी दिऊन राहिले ना? घे."

तांब्या तिनं माझ्या हातात दिला. खाली ठेवला नाही, वरून ओतला नाही, हातात दिला. मी तोंड न लावता वरून पाणी प्यायले. पाण्याला वाळूचा वास होता. थोडं गळ्यावर सांडलं, तर ती खेकसली, "सांडू नको गं बाई!" मी अर्धा तांब्या परत दिला. तिनं तो घेतला, उरलेलं पाणी घागरीत ओतलं, तांब्या घागरीवर पालथा घातला, घागर डोक्यावर चढवायला मला हात लावायला सांगितलं, आणि गावाच्या वाटेनं निघून गेली.

सरांना दुर्बिणीतून तांब्या दिसला होता. संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनी मला उभं केलं. "जो नेतृत्व करतो त्याला नको म्हणता आलं पाहिजे," ते म्हणाले. "एका तांब्यासाठी हिनं हिमालय घालवला." मुलं हसली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सांगितलं असतं तर सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या असत्या, आणि ते मला हसण्याहून वाईट वाटलं असतं. निवड दुसऱ्याची झाली.

मुदखेडला गाडीतून उतरले तर वडील फलाटावरच उभे होते. "नापास," मी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. माझी पिशवी घेऊन ते घराकडे चालू लागले. मग जेवताना मी झालं ते सांगितलं, सरांना शिव्या घालत, म्हाताऱ्याची नक्कल करत. वडील हसले नाहीत.

"हातात दिला तांब्या?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"तू सांगितल्यावर?"

"सांगितल्यावर."

"आन् उरलेलं पानी?"

"घागरीत ओतलं."

"घरच्या घागरीत?"

"अहो बाबा, दुष्काळ हाय," मी वैतागून म्हणाले. "एवढं लांबून आणलेलं पाणी कोण फेकून देईल?"

वडिलांनी घास ताटात ठेवला.

"दुष्काळ बहात्तरला बी होता," ते म्हणाले. "तवा माझा हात लागला म्हून भरली घागर माझ्यासमोर मातीत उपडी केली होती."